पिल्लू कोळेकर

"बाई, फुलाच्या झोळीत काहीतरी मेलंय!"

विनू मोरेने हे बसल्या जागेवरून नाही, उभं राहून, नाक चिमटीत धरून जाहीर केलं. लगेच तिसरी-चौथीच्या वर्गातली एकोणीस नाकं चिमटीत गेली. विसावं फुलाचं. ते तेवढं उघडं होतं.

"मेलं न्हाय," फुला म्हणाली. "झोपलंय."

तिने मांडीवरची झोळी उकलली. आत कुत्र्याचं पिल्लू होतं. मातकट रंगाचं, ओंजळीत मावेल एवढं, पोट तेवढं फुगलेलं. गळ्यात बोटभर रुंदीची चामड्याची पट्टी होती. काळी, केसाळ, कडा वाळून आत वळलेल्या. वास त्या पट्टीचा, की पिल्लाचा, की दोघांनी वाटून घेतलेला, हे ठरवायला जवळ जावं लागलं असतं. मी गेले नाही.

ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, पुण्याहून कोकणात, घाटाच्या पायथ्याच्या पाथरवाडीला नेमणूक होऊन आलेली. शाळेत शिक्षक दोन. एक मी, दुसरे मुख्याध्यापक साळवी गुरुजी. गुरुजी कशालाही "बघू" म्हणायचे. एकदा मी मोजलं, प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत चौदा वेळा. मोजायची मला खोडच होती. कोण कितीदा उशिरा आलं, कुणाच्या आईने तोच बहाणा कितव्यांदा सांगितला, सरपंच शाळेत आले की किती वेळा घड्याळाकडे बघतात, सगळ्यांचे रकाने माझ्या डोक्यात आखलेले असत. माझा स्वतःचा रकाना नव्हता.

भिंतीवर मात्र खराखुरा तक्ता होता. स्वच्छतेचा. डावीकडे मुलांची नावं, वर नखं, केस, दात, आंघोळ, रुमाल. रोज सकाळी तपासणी आणि लाल शाईने बरोबरची खूण. त्या शनिवारी विस्तार अधिकारी पिंगळेसाहेब स्वच्छ शाळा स्पर्धेची पाहणी करायला येणार होते, आणि विनूने नाक धरलं तो दिवस सोमवारचा होता.

फुला धनगराची. दिवाळी झाली की ही माणसं मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि भात कापून झालेल्या खाचरांत कळप बसवतात. शेताला खत मिळतं, त्यांना भात मिळतो. बिरू कोळेकरचं बिऱ्हाड महिन्याभरापासून शाळेमागच्या खाचरात होतं. त्याची ही नऊ वर्षांची मुलगी एक दिवस आपण होऊन दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हितं बसलं तर चालंल?" पटावर एकोणीस मुलं होती. वीस हा आकडा गोल दिसतो, म्हणून मी तिला घेतलं. ती हुशार निघाली हा वरचा लाभ. महिन्याभरात तेराचा पाढा म्हणायला लागली होती.

"शाळेत कुत्रं कशाला आणलंस?" मी विचारलं.

"आय पाण्याला गेली की ह्येला कावळं टोचत्यात. कळप दिसभर रानात असतो. मोठी कुत्री बी तिकडंच."

"आणि याची आई?"

"ती घाटात टरकाखाली गेली." मग काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं ती घाईने म्हणाली, "आता ह्येची आय शेळी हाय."

वर्ग फुटला. विनू बें बें करायला लागला. हसू मलाही आलं, पण बाईंनी हसावं तसं मी ओठ मिटून हसले.

"बरं. या शेळीच्या लेकराचं नाव काय?"

"अजून न्हाय ठेवलं. शेळीनं घेतलं की ठेवायचं."

"आणि आंघोळ?"

"आयतवारी. त्या दिशी पट्टी सोडायची. मग तुमी म्हणाल तवा घालती. रोज म्हणाल तर रोज."

"रविवारी काय उपयोग? साहेब शनिवारी येणार."

"आयतवाराच्या आत न्हाय चालत, बाई. मग शेळी घेत न्हाय."

हे उत्तर मला कुठल्याच रकान्यात बसवता येईना. म्हणून मी त्याचा विनोद केला.

"म्हणजे तूसुद्धा शेळीला विचारूनच आंघोळ करतेस होय गं?"

मुलं अक्षरशः लोळली. फुलाने झोळीची गाठ पुन्हा बांधली आणि पाटी पुढ्यात ओढली.

विनोद मला इतका आवडला, की मधल्या सुट्टीत मी तो साळवी गुरुजींना पुन्हा करून दाखवला. गुरुजी हसले, पण निम्मेच.

"तो पट्टा कशाचा आहे, बाई? धनगर माणूस उगाच काही बांधायचं नाही. जरा विचारून बघू."

"विचारायचं काय त्यात? घाणेरडा आहे, एवढं नाकाला कळतंय."

"नाकाला तेवढंच कळतं," गुरुजी म्हणाले आणि बशीतला चहा प्यायले.

सुट्टीनंतर मी तक्त्यात विसाव्या नावाखाली आणखी एक ओळ आखली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "पिल्लू कोळेकर". त्यापुढे दोन रकाने, बुधवार आणि शनिवार. एवढ्याशा जिवाला रोज न्हाऊ घातलं तर त्याला सर्दी व्हायची, महिन्यातून एकदा घातलं तर आपल्याला भोवळ यायची. आठवड्यातून दोनदा, हा मी काढलेला मध्य. मुलांनी टाळ्या वाजवल्या. असा तक्ता तालुक्यात कुणाकडे नसेल, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

"दोन्ही वारी आंघोळ," मी फुलाला सांगितलं. "नाहीतर पिल्लू शाळेत येणार नाही."

"ते न्हाय तर मी कशी यीन, बाई?"

"तो तुझा प्रश्न."

बुधवारी ती आली. पिल्लू तसंच, पट्टी तशीच, वास सोमवारपेक्षा दोन दिवस जुना. मी तक्त्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्यासमोर बोटं मोजली.

"बेस्तरवार, शुक्रवार, शनवार, आयतवार. चारच दीस ऱ्हायलं, बाई."

मोजायला तिला मीच शिकवलं होतं.

मी साडीचा पदर खोचला, माझ्या खोलीवरून चंदनाचा साबण आणला आणि सगळ्या वर्गाला घेऊन हातपंपावर गेले. साबण पुण्याहून आणलेला, मी तो जपून वापरायची. सांगायचं एवढ्यासाठी, की त्या दिवशी मी स्वतःला उदार समजत होते. विनू दांडा हापसत होता. पट्टीची गाठ सुटेना, वाळून दगड झाली होती. मी हस्तकलेच्या डब्यातली कात्री मागवली.

"पट्टी तरी ऱ्हाऊ द्या," फुला म्हणाली. तिथे ती एवढंच बोलली.

मी पट्टी कापली, दोन काटक्यांच्या चिमट्यात धरून मुलांना दाखवली, सगळ्यांनी "शीऽऽ" म्हटलं, आणि ती कचऱ्याच्या ढिगावर गेली. पिल्लाला तीनदा साबण लावला. पहिल्यांदा ओरडलं, दुसऱ्यांदा थरथरलं, तिसऱ्यांदा गप्प राहिलं. माझ्याच टॉवेलने पुसलं. विनूने त्याला हुंगलं आणि निकाल दिला:

"आता बाईंसारखा वास येतोय!"

मी वर्गात जाऊन लाल खूण केली. उरलेला साबण फुलाच्या हातात ठेवून म्हटलं, "शनिवारी तू घालायची. साहेब विचारतील." तिने साबण झोळीत टाकला नाही. दुसऱ्या हातात वेगळा धरून ती घरी गेली.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी कचरा पेटवून अंगण झाडून घेत होते. तेव्हा तिची आई आली. धोंडाई तिचं नाव. उंच बाई, चालत आली तरी धावत आल्यासारखी दम लागलेली.

"बाई, त्येच्या गळ्यातली पट्टी कुठं हाय?"

"का हो, सोन्याची होती काय?"

"द्या जरा. काम हाय."

"ती गेली की." मी ढिगाकडे झाडू दाखवला. वरून ज्वाळ संपली होती, खालून धूर निघत होता.

ती ढिगाजवळ जाऊन बसली. काटकीने उकरत राहिली, बराच वेळ. मग गरम राखेची एक मूठ तिने पदराच्या टोकाला बांधली. मला वाटलं, दृष्टबिष्ट काढायची असेल. ती उठली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं." आणि गेली. राख बांधून नेणारी पालक, असं मी मनातल्या मनात तिच्या नावापुढे टिपून ठेवलं. गुरुजींना सांगायला एक गोष्ट मिळाली.

गुरुवारी फुला आली नाही. शुक्रवारीही नाही. विसाच्या पटावर साहेबांना एकोणीस दिसले असते, आणि शेवटच्या ओळीतला शनिवार रिकामा. शुक्रवारी शाळा सुटताना मी विनूला खाचरात पिटाळलं. "सांग, उद्या आली नाही तर नाव पटावरून काढीन."

विनू पाच मिनिटांत परतला.

"सांगितलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"कायपण नाही. मान हलवली."

"आणि पिल्लू?"

"मी बिऱ्हाडाजवळ गेलोच नाही बाई, कुत्री सुटलेली होती. बांधावरूनच ओरडून सांगितलं."

शनिवारी सकाळची शाळा. फुला सगळ्यांच्या आधी आली होती. केस विंचरलेले, नखं कापलेली, हात कोपरापर्यंत घासलेले. झोळी नव्हती. मला बरंच वाटलं, साहेबांसमोर पिल्लू ओरडलं असतं तर पंचाईत. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं.

पिंगळेसाहेब साडेआठला आले. त्यांनी माठ बघितला, माठाचं झाकण बघितलं, मुतारीत डोकावले. तक्त्यापाशी आल्यावर चष्मा लावला. वरून खाली वाचत ते शेवटच्या ओळीवर थांबले.

"हा पिल्लू कोळेकर कोण?"

वर्ग खुसखुसला. मी सांगितलं. आणि सांगता सांगता, साहेब रंगलेत हे बघून, तो सोमवारचा विनोदही सांगितला, शेळीला विचारून आंघोळ करण्याचा. फुला तीन हातांवर बसली होती. साहेब पोट हलवून हसले. साळवी गुरुजी दारात उभे होते, ते बाहेर बघत होते.

"होनरावबाई, हे नवीन आहे हं! मुलांच्या घरातल्या जनावरांपर्यंत स्वच्छता गेली म्हणजे मोठीच गोष्ट. कोण ती मुलगी?"

फुला उभी राहिली.

"काय गं, आज शनिवार. घातलीस का आंघोळ पिल्लाला?"

"व्हय."

"कधी?"

"सकाळी. उजाडल्यावर."

"साबण लावलास?"

"लावला."

"शाब्बास!" साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी लाल शाईचा टाक उचलला आणि सगळ्यांदेखत दुसरा रकाना भरला. टाळ्या झाल्या.

साडेदहाला साहेब फटफटीवर बसून गेले, मुलं उधळली. फुला वर्गात थांबली होती. मी खुशीत होते.

"पिल्लू का नाही आणलंस गं? आज त्याचाच सत्कार झाला."

तिने पाटीखालून सागाच्या पानाची पुडी काढून टेबलावर ठेवली. वरून वेताचं सालपट बांधलेलं. मी उघडली. आत माझा साबण होता, बोटाच्या खुणाही पुसून गुळगुळीत केलेला.

"उरलेला, बाई."

"राहू दे तुझ्याकडे. बुधवारी लागेलच."

"न्हाय लागायचा. काल सांच्याला मेलं ते."

 मला पहिल्यांदा आठवलं ते पिल्लू नाही, ती खूण आठवली.

"मग आत्ता साहेबांना तू... आंघोळ घातली म्हणालीस?"

"घातली की. पुरायच्या आधी. माणसाला घालत्यात न्हवं?" आणि मग माझं समाधान व्हावं म्हणून म्हणाली, "आन शनवार बी हुता."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, जवळ घेता आलं असतं. ती तक्त्याकडे बघत होती. आपलं काम वहीत नीट चढलंय ना, असं बघावं तशी.

कुंपणापाशी धोंडाई उभी होती. मी चपला न घालताच बाहेर गेले.

"काय झालं हो पिल्लाला?"

"शेळीनं घेतलं न्हाय," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नाही, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. "कुत्रीची चार हुती. ती गेली तशी तीन मेली, दुधाबिगार. ह्ये एक ऱ्हायलं. आमच्या एका शेळीचं करडू जनमताच मेलं. त्या करडाच्या कातड्याची पट्टी काढून ह्येच्या गळ्यात बांधली. शेळी डोळ्यानं लेकरू वळखत न्हाय, बाई, वासानं वळखती. सांच्याला रानातनं आली की हुंगायची आन पाजायची. नऊ दीस असं काढलं की पिल्लालाच तिच्या दुधाचा वास लागतो. मग पट्टी सोडली तरी चालती, न्हाऊ घातलं तरी चालतं."

"नऊ दिवस कधी होणार होते?"

मला माहीत होतं. तरी विचारलं.

"उंद्या."

वाऱ्याने शेजारच्या खाचरातल्या मेंढरांचा वास आला. महिनाभर मी त्याच्या नावाने नाक मुरडत होते.

"बुधवारी सांच्याला शेळीनं हुंगलं," ती म्हणाली, "आन ढुशी मारली. बरगडी मोडली. मी राख आणून चोळली त्येच्या अंगाला. पर जळलेल्या कातड्याला कुठला आलाय करडाचा वास? बोळ्यानं पाजलं दोन दीस. पोटात ठरंना."

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हणाले.

"पोरीनं सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं होतं."

"मग झालं," धोंडाई म्हणाली.

यावर तिने काही बोलावं, मला चार शब्द ऐकवावेत, निदान शिकलेल्या बायका असल्याच म्हणून थुंकावं, म्हणून मी उभी होते. तिने पदर सावरला आणि वेगळंच काढलं.

"उंद्या बिऱ्हाड हलतंय. पोरीचं नाव काढीन म्हणलासा, ते तेवढं करू नगासा. पुढल्या गावातल्या शाळंत चिठ्ठी लागती. तिला शिकायचं हाय."

मी आत जाऊन चिठ्ठी लिहिली. नाव, इयत्ता, हजेरी. "प्रगती: उत्तम." खाली छापील रकाना होता, स्वच्छता. त्यापुढे टाक टेकवून मी किती वेळ बसले ते मोजलं नाही. शेवटी तिथेही उत्तम लिहिलं. फुलाने चिठ्ठी घेतली, वाचली, घडी घातली. दाराशी जाऊन वळली.

"बाई, चौदाचा पाढा तिथं असंल का?"

"असेल," मी म्हणाले.

सोमवारी साहेबांचा निरोप आला. तक्ता पंचायत समितीत पाठवा, बाकीच्या शाळांना नमुना म्हणून दाखवायचा आहे. मी भिंतीवरून तो उतरवला. मुलं अजून आली नव्हती. दुसऱ्या खुणेवर मी ब्लेड ठेवलं. शाई खरवडता आली असती, कागद जाड होता. मग वाटलं, तिथे पांढरा चट्टा दिसेल, कुणीतरी विचारील. शेवटची ओळच कापावी, तर तक्ता नेमका तिच्यासाठी मागवलेला. मी ब्लेड परत हस्तकलेच्या डब्यात टाकलं. डब्यात वर कात्री होती.

आम्हाला स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळाला. पुढच्या वर्षी तालुक्यातल्या सहा शाळांच्या तक्त्यांत पाळीव जनावरांच्या आंघोळीचा रकाना आला. हे मला गुरुजींनीच मोजून सांगितलं, एरवी कधी काही न मोजणाऱ्यांनी.

त्या सोमवारी तक्त्याची गुंडाळी करायला मी त्यांना हाक मारली. त्यांनी दोन्ही हातांनी कागद धरला, मी सुतळी गुंडाळत होते. खाचर मागच्या खिडकीतून दिसत होतं, रिकामं, लेंड्यांनी काळं झालेलं.

"बाई," ते म्हणाले, "तो पट्टा कशाचा होता, कळलं का शेवटी?"

"नाही," मी म्हणाले, आणि गाठ घट्ट मारली.